फितीचं दुसरं टोक

"हा ठोकळा कुणाचा?"

आवाज मागून आला. मी ओढ्याच्या मधोमध उभी होते. बुटांत पाणी, हातात घड्याळ. वर सोडलेला माझा लाल लाकडी ठोकळा खाली वाहत यायची वाट बघत होते, आणि तो यायचं नाव घेत नव्हता.

मी वळले. काठावर एक माणूस. कोपरापर्यंत भिजलेला, कपाळावर आठ्या, आणि हातात माझाच ठोकळा.

"माझा," मी म्हणाले. "कुठे सापडला?"

"माझ्या चक्कीच्या चाकात. पाती अडली, दगड थांबला, दळण अर्धं राहिलं. अजून किती आहेत असे?"

"पिशवीत चार."

"मग आज कुलूपच लावतो मी."

मला हसू आलं नाही. सकाळपासून मी एकटी राबत होते. ओढ्याचं पाणी मोजायला माणसं दोन लागतात. एकानं वर ठोकळा सोडायचा, दुसऱ्यानं खाली उभं राहून तो किती वेळात पोचतो ते बघायचं. 'मदतनीस पाठवतो' असं ऑफिस म्हणालं होतं. ऑफिस म्हणतंच. त्यामुळे ठोकळा सोडून दगडांवरून खाली पळायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. तिशी ओलांडलेली बाई धडपडत पळतेय आणि एक लाकडाचा तुकडा दर वेळी तिच्या आधी पोचतोय – बघणाऱ्याची चांगली करमणूक झाली असती.

त्यानं वरच्या बाजूला बोट दाखवलं. "ते बघा. तिथून माझा पाट फुटतो. तोंडाशी फळी आहे. फळी वर उचलली की पाणी पाटात शिरतं आणि थेट माझ्या चक्कीवर येतं. फळी पाडली की सगळं ओढ्यात. तुमचा ठोकळा आपला माझ्या पाण्याबरोबर आला. त्याची चूक नाही."

"मग मी पाटाच्या तोंडाखाली मोजते. तुम्ही चक्की रोजच्यासारखी चालू ठेवा. तुमचं पाणी गेल्यावर ओढ्यात जे उरतं, तेच मला मोजायचंय."

"कशाला?"

"वीज करायला."

त्यानं ओढ्याकडे बघितलं. एक लांब ढांग टाकली की पलीकडे जाता येईल, एवढाच ओढा.

"एवढ्याशा पाण्याची?"

"एवढ्याशा पाण्याची एवढीशी वीज."

तेव्हा तो हसला. आठ्या गेल्या, आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या उमटल्या. आणि मला वाटलं… छे. काही वाटलं नाही. मोजे ओले असताना माणसाला काही वाटत नाही.

आम्हाला पाठवतात ते पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. पाऊसकाळात कुठलाही ओढा नदीसारखा तोरा मिरवतो. म्हणून माझी नोकरी म्हणजे प्रत्येक ओढ्याला त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत गाठणं. तेव्हा जे पाणी सापडेल, त्यावर यंत्र केवढं बसेल ते ठरतं. मग साहेब येतात, फोटो काढून घेतात. आणि कुणी आकडा फुगवला असेल तर पुढच्या उन्हाळ्यात ते यंत्र कोरडं पडतं. असली गंजलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यावर बकऱ्या बसतात. बकऱ्यांना वीज लागत नाही, म्हणून त्या तेवढ्या खूश असतात.

मी राहत होते दवाखान्याच्या मागच्या खोलीत. लोखंडी खाट, स्पिरिटचा वास, आणि भिंतीपलीकडे सिस्टर. डॉक्टर महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. बाकी बाळंतपणं, ताप, जखमा, भांडणं, सगळं सिस्टरच्या अंगावर. दवाखान्यात एक नवाकोरा फ्रिज होता. त्यात ती चादरी ठेवायची.

"वीजच नाही तर काय ठेवू? तुझं डोकं?" पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती. "लसी येतात बर्फाच्या डब्यातून, दुधाच्या टेम्पोनं. येईपर्यंत बर्फाचं पाणी होतं. मागच्या खेपेला अर्ध्या लसी ओतून दिल्या मी. बाहेर आया पोरांना घेऊन बसलेल्या, आणि मी आत मोरीत औषध ओततेय. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"किती पाणी लागतं तुझ्या यंत्राला?"

"सेकंदाला चाळीस लिटर. म्हणजे तुमचा फ्रिज आणि वस्तीत घरटी एक दिवा."

"मग दे मला चाळीस लिटर. मी तुला चहा देईन. जन्मभर."

आईला माझ्याकडून जावई हवा होता, साहेबांना आकडा हवा होता, आता सिस्टरला चाळीस लिटर. मला विचाराल तर मला फक्त आठ तास झोप हवी होती.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या खाली, वळणापलीकडे, ओढ्याचा एक सरळ तुकडा सापडला. मोजायची फीत मी एका काठावरच्या झुडपाला बांधली आणि दुसऱ्या काठावर जाऊन ओढली. झुडूप मुळासकट उपटून पाण्यात पडलं.

"त्याला पगार मिळतो का?" काठावरून आवाज. तोच.

"तुम्हाला दुसरा उद्योग नाही?"

"आहे. पण इथे जास्त मजा आहे."

"मग फीत धरा, नाहीतर निघा."

त्यानं चपला काढल्या, पँट दुमडली आणि फितीचं टोक धरलं. मुकाट्यानं. हे मला अपेक्षित नव्हतं.

"चक्कीवर कोण आहे?" मी विचारलं.

"आहे व्यवस्था," तो म्हणाला.

फीत काठापासून काठापर्यंत ताणायची, आणि ठरावीक अंतरावर पट्टी उभी धरून खोली बघायची. मी आकडा म्हणायचा, त्यानं तोच मोठ्यानं परत म्हणायचा. ऐकण्यात चूक राहू नये म्हणून आमच्या कामात ही पद्धत आहे. ती त्याला एकदाच सांगितली आणि पस्तावले.

"बारा," मी म्हणाले.

"बारा."

"चौदा."

"चौदा."

"फीत सैल सोडू नका."

"फीत सैल सोडू नका."

"हे म्हणायचं नसतं."

"हे म्हणायचं नसतं." चेहरा अगदी गंभीर.

"तुम्ही शाळेत मार खाल्ला असेल भरपूर."

"शाळेत मार खा…" तो थांबला. "हो. भरपूर."

आता मात्र मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण गाल दुखले. ओढा एवढा अरुंद की मी पट्टी घेऊन वाकले की त्याचा श्वास माझ्या कानाशी यायचा. मान वर करायला नको वाटायचं. आणि नाही केली तरी कळायचं, तो पट्टीकडे बघत नाहीये.

मग ठोकळे. तो वर गेला. 'सोडला!' अशी त्याची हाक यायची, मी घड्याळ दाबायचं. ठोकळा माझ्या पायाशी आला की मी ओरडायचं, 'आला!' वर तो, खाली मी, मध्ये एक लाल तुकडा डुलत, दगडांना टेकत, रमत-गमत येणारा. सोडला… आला. सोडला… आला. असं कुणी माझ्याकडे काही पाठवत राहावं आणि मी फक्त 'आला' म्हणावं – इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

"आलेल्या वेगातून थोडा कापायचा," काठावर बसल्यावर मी त्याला सांगितलं. "वरचं पाणी जोरात पळतं. तळाचं दगडांना धरून सावकाश जातं. ठोकळ्याला वरचंच कळतं."

"माणसांनाही असंच मोजता? वरचं बघून कापून घेता?"

"माणसं मी मोजत नाही."

"का?"

"मोजली होती एकदोन. तळाला काहीच नव्हतं."

तो उठला, मी काढून टाकलेले मोजे उचलले, घट्ट पिळले आणि तापलेल्या दगडावर पसरून ठेवले. अगदी नीट, टाचा खाली, बोटं वर. कुणी न सांगता. लोक फुलं देतात म्हणे. मला फुलांचं काही वाटत नाही. पण माझे मातकट, कुबट वासाचे मोजे पिळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

तो रोज येऊ लागला. एकदा मोजून भागत नाही. सकाळी, दुपारी, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजायचं, आणि आकडा एकसारखा येतोय का ते बघायचं. येत होता. सेकंदाला चव्वेचाळीस लिटर. ओढ्यातल्या एका मोठ्या दगडावर मी पाण्याच्या पातळीला तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवली, आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेला टेकलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मोजणी दोन दिवसांपूर्वीच संपली होती. मी संपवली नाही.

"तुम्ही दमता का हो कधी?" एका दुपारी त्यानं विचारलं.

"रोज."

"मग थांबत का नाही?"

"थांब म्हणणारं कुणी भेटलं नाही."

त्यानं पाण्यात एक खडा टाकला. मग दुसरा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांब."

'थांबा' नव्हे. मी ऐकलं. त्यानंही स्वतःचं ऐकलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. एवढा दांडगा माणूस आणि कान पोरासारखे.

"किती वेळ?" मी विचारलं.

"बघ… तुला जमेल तेवढा."

त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला आणि मी आकडा सांगितला. साहेब खूश. एवढे खूश की त्यांनी लगेच सिस्टरला फोन करून टाकला. यंत्र मंजूर, पावसाच्या आत बसणार, आणि ओढ्यातलं चाळीस लिटर पाणी यापुढे यंत्राच्या नावावर. त्यात घट आलेली चालणार नाही, तसं सगळ्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं. सिस्टरनं फ्रिजमधल्या चादरी बाहेर काढल्या आणि फ्रिज आतून पुसायला घेतला. पुसताना ती गुणगुणत होती. तिला गाता येत नाही, पण ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

मी ओढ्यावर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं. मनात म्हटलं, झालं. आकडा वर गेला, त्याची मजा संपली. पुरुष असेच असतात, मोजे पिळतात आणि पसार होतात. स्वतःवर चिडून मी उठले, सामान आवरायला घेतलं आणि सवयीनं दगडाकडे बघितलं.

रेघ कोरडी होती.

पाणी तिच्या तीन बोटं खाली गेलं होतं. एका रात्रीत. आभाळ तेच, ऊन तेच, वर कुठे पंप नाही, शेत नाही. मी तशीच बघत राहिले, आणि मग लक्षात आलं. वर, वळणापलीकडे, पाटाच्या तोंडाशी ती फळी.

मी पळत सुटले.

चक्कीत मी आजवर पाऊलही टाकलं नव्हतं. दारातच तळव्यांना थरथर जाणवली. अख्खी जमीन घुमत होती, दगड फिरत होता, हवेत पांढरा धूर. तो पोत्याचं तोंड धरून उभा होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: इतक्या दिवसांत मी या माणसाच्या अंगावर पिठाचा कणही पाहिला नव्हता. चक्कीवाला, आणि अंगावर पीठ नाही! मला दिसलं नव्हतं, कारण मी दुसरंच काही बघत होते.

"फळी पाडली होतीस तू?" मी ओरडले. दगडाच्या आवाजात ओरडावंच लागत होतं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"ही तुझी व्यवस्था? चक्की चालू ठेव म्हणून सांगितलं होतं ना मी? का पाडलीस?"

"चालत्या चक्कीला सोडून जाता येत नाही. दाणे संपले की दगड दगडाला खातो. आणि मी इथे बसलो असतो तर…" त्यानं पोतं खाली ठेवलं. "तर तुझी फीत कोण धरणार होतं?"

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू मला चक्कीवर हाकललं असतंस."

हाकललं असतंच.

"तुझं पाणीसुद्धा मी ओढ्याचं म्हणून मोजलं," मी म्हणाले. "चक्की चालली तर ओढ्यात चाळीस लिटर उरतच नाहीत. यंत्र बसलं की लोक येऊन तुझी फळी कायमची पाडतील. कळतंय तुला?"

"काल कळलं. सिस्टर आकडा सांगत फिरत होती तेव्हा."

"आणि तू गप्प बसलास!"

"काय बोलू? तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं मी." तो दगडाकडे बघत होता. "आईनं चालवली ही चक्की. दगडाला टाकी लावून खाचा पाडायला तिनंच शिकवलं. वस्तीतला प्रत्येक माणूस इथलं पीठ खातो. पण लोकांना वीज मिळतेय. अडलेलं दळण तेवढं संपवतोय, मग शिकेन दुसरं काहीतरी."

"काय शिकशील?"

"फीत धरायला शिकलोच की."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे असले गुपचूप त्याग करणारे लोक मला सहन होत नाहीत. स्वतः मरतात आणि दुसऱ्याच्या गळ्यात जन्मभराचं ओझं अडकवून जातात.

"मला तुझा त्याग नको," मी म्हणाले. "मला खरा आकडा हवा. मी तो आत्ता बदलणार."

"नको. लोक काय म्हणतील माहीत आहे? बाईनं चक्कीवाल्यासाठी पाणी कमी दाखवलं. तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. तू चक्की बंद करू नकोस. संध्याकाळपर्यंत फळीला हात लावलास तर हात मोडीन."

दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक जमले होते. सह्यांसाठी. सिस्टरनं बाकं पुसून घेतली होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: चक्की बंद होती, माझी मोजणी चुकली, चव्वेचाळीस नाहीत, बहुतेक निम्मेच असतील, सही कुणी करू नका.

सिस्टर सावकाश उठली.

"काल चव्वेचाळीस, आज निम्मे. ओढ्याला रात्रीत जुलाब झाले का गं?"

कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं.

"चुकलं म्हणतेय ना मी."

"चुकलं? पोरी, मी नर्स आहे. कपाळाला हात न लावता मला ताप कळतो. तू रोज ओढ्यावरून यायचीस ते तोंड बघितलंय मी. तू त्या चक्कीवाल्यात गुंतली आहेस. आणि आता त्याची चक्की जाईल म्हणून माझ्या फ्रिजचं पाणी तोडतेस. हो की नाही? सगळ्यांसमोर बोल."

पंचवीस-तीस माणसं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पाय ओले, केस घामानं चिकटलेले, आणि अंगात उभं राहायचंही त्राण नाही. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो माझ्यात नव्हता.

"हो," मी म्हणाले. "गुंतलेय. चांगलीच गुंतलेय. त्याला अजून सांगितलेलंही नाही, तुम्हालाच आधी सांगतेय. पण मी कुणात गुंतले म्हणून ओढ्याचं पाणी वाढत नाही की कमी होत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. चला ओढ्यावर. चक्की चालू आहे. फितीचं दुसरं टोक तुम्ही धरा, सिस्टर."

सिस्टरनं बाकाखालच्या चपला पायात सरकवल्या.

सगळी वस्ती काठावर उभी राहिली. सिस्टर पाण्यात उतरली, फीत दोन्ही मुठींत धरली, नाडी बघतात तशी एकाग्र. मी पट्टी उभी केली.

"सात."

"सात," ती म्हणाली.

"आठ."

"आठ." आवाज जरा खाली आला.

"सहा."

"…सहा."

ठोकळे सोडले ते वस्तीतल्या एका काकांनी. वेळ बघितली सिस्टरच्या घड्याळावर, माझ्या नाही. ठोकळे आले, रेंगाळत, दगडांना अडखळत. मी हिशेब मोठ्यानं केला. वीस लिटर.

"पुन्हा मोज," सिस्टर म्हणाली.

पुन्हा मोजलं. वीस. तिनं फीत सोडली आणि काठावर बसकण मारली. मी तिच्या शेजारी बसले. ती ओढ्याकडेच बघत होती.

"वीसमध्ये काय येतं?"

"दिवसा फक्त तुमचा फ्रिज. संध्याकाळी चक्की थांबली की पाणी पुन्हा दुप्पट होतं, तेव्हा घरोघर दिवे. असं कमी-जास्त पाण्यावर चालणारं यंत्र मिळतं. पण त्याचे कागद नव्यानं करावे लागतील. पावसाआधी नाही होणार. पुढच्या वर्षी."

"म्हणजे अजून एक वर्ष मी लसी मोरीत ओतायच्या."

"हो."

ती रडली नाही. तिनं एक मोठा श्वास घेतला, पंधरा बाळंतपणं एका दमात करून बसावं तसा.

"चव्वेचाळीस धरून बसवलं असतं तर?" काकांनी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्यात एकतर यंत्र बंद पडलं असतं, नाहीतर चक्की."

"मग राहू दे की," काका म्हणाले. "अंधाराची सवय आहे. पीठ रोज लागतं."

लोक हळूहळू पांगले. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, कुणी आभारही मानले नाहीत. सिस्टर मात्र घरी गेली नाही. ओल्या पायांनी वरच्या वाटेनं गेली, आणि थोड्याच वेळात चक्कीच्या दाराशी तिचा आवाज खणखणला. दगडाच्या घरघरीवरून मला इथपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला.

"ए चक्क्या! पाणी वीस भरलं. तुझी चक्की राहतेय. आणि ती पोरगी तुझ्यात गुंतलीय, भर व्हरांड्यात सांगितलंन. आता पोतं सोड आणि खाली जा. पोत्याकडे मी बघते!"

मी जाग्यावरून उठले नाही. पळून जावंसं वाटत होतं, पण त्यासाठी बूट घालावे लागले असते.

तो आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. समोर उभा राहिला, धापा टाकत.

"खरं आहे का?"

"काय? पाणी की ते दुसरं?"

"पाण्याचं मला माहीतच होतं."

"मग दुसरंही तसंच आहे."

"मला सांगायला तुला अख्खी वस्ती लागली?"

"आणि तुला माझ्याशी बोलायला चक्की बंद करावी लागली. आपण दोघंही जरा मंदच आहोत."

तो माझ्या शेजारी बसला. मध्ये हातभर अंतर ठेवून. मग अर्धा हात. मग…

फोन वाजला. साहेब. मी आकडा सांगितला. पलीकडे बरीच आदळआपट झाली. कागद वर गेलेत, मी कुणाला तोंड दाखवू, तू स्वतःला समजतेस कोण, आत्ताच्या आत्ता निघ आणि इथे येऊन खुलासा दे.

"येईन," मी म्हणाले. "खुलासाही देईन. नोकरीवरून काढायचं असेल तर तेही तोंडावर सांगा. पण नव्या यंत्राचा कागद मीच लिहिणार, आणि या वस्तीचं नाव यादीत पहिलं टाकणार. आज मात्र येत नाही, साहेब. आज मी दमलेय."

मी फोन बंद केला. त्यानं माझा हात धरला, मनगटाच्या वर, ओल्या बाहीसकट. त्याच्या बोटांवरचं पीठ माझ्या बाहीला लागलं, भिजलं आणि बघता बघता त्याची चिकट कणीक झाली. त्यानं हात काढायचा प्रयत्न केला. निघेना.

"वाळली की दगडासारखी होते ही," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. "लगेच धुवायला हवी."

"धुवू," मी म्हणाले. "नंतर."

आणि त्याच्या पांढऱ्या खांद्यावर डोकं टेकून मी डोळे मिटले.